बाळकुमची कोंबडी आणि मागून लागलेले छर्रे

ती हकिगत आठवली की आजही मला हसू आवरत नाही. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षे झाली होती आणि ठाण्याला मी नुकताच बदलून आलेला फौजदार होतो.

एका सकाळी टेंभी नाक्याजवळच्या दवाखान्यातला कंपाउंडर पोलीस ठाण्यात आला. म्हणाला, "काल संध्याकाळी डॉक्टरांनी एकाच्या बुडातून नऊ छर्रे काढले. तो म्हणतो, बाभळीच्या काट्यांवर पडलो." बंदुकीची जखम म्हटल्यावर चौकशी करणे भागच होते. तासाभरात हवालदाराने त्या इसमाला माझ्यासमोर आणले. मी स्टूल पुढे केले.

"उभाच बरा आहे, साहेब."

"बाभळीला शिसं कधीपासून यायला लागलं रे?" हवालदाराने विचारले.

दुपारपर्यंत गडी काट्यांवर ठाम राहिला. शेवटी मी समजावले की गुन्हा बार काढणाऱ्यावर दाखल होईल, तू फक्त फिर्याद दे. त्याने बराच विचार केला आणि विचारले, "फिर्याद दिली तर कोंबडीचं पण विचाराल का?"

तोवर कोंबडीचे नावही कोणी काढले नव्हते.

कोंबडी जवळच्याच बाळकुम गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची होती. रानडुकरे हाकायला त्याच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. आम्ही पंच घेऊन पोहोचलो तेव्हा म्हातारा ओट्यावर तयारच बसला होता. चोर अंगावर आला तर मारायची कायद्यात मुभा आहे, असे त्याला कोणीतरी पढवले होते. ते अर्धेच खरे होते. जिवावर बेतले तर साध्या माणसालाही समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत बचावाचा हक्क आहे, पण भरदिवसा कोंबडी घेऊन पळणाऱ्यावर तो चालत नाही. खुनाचा प्रयत्न म्हणून कलम लागले असते तर त्याचे उरलेले आयुष्य तुरुंगात गेले असते. म्हणून तो एकच वाक्य धरून बसला होता: "कोयता घेऊन माजे अंगावर चालून आला."

म्हाताऱ्याची मला दया आली. मी ते वाक्य लिहून घेऊ लागलो. तेवढ्यात त्याची बायको दारातून म्हणाली, "अंगावर आला, तं छर्रे त्याला मांगं कशे लागले?"

पंच खाली माना घालून हसू लागले. म्हाताऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिले आणि हात टेकले.

"पलत व्हता, साहेब. पन कोंबरी त माजीच व्हती ना?"

"तुमचीच होती. पण पळत्या माणसावर बार काढायचा हक्क तुम्हाला नाही. मलाही नाही."

"तुमी कंदी काढला नय?"

मी पंचांना सह्या करायला सांगितले.

छर्रे कातडीखालीच अडकले होते, म्हातारा खरे बोलला, म्हणून कलम हलके लागले. बंदूक जमा झाली आणि काही महिन्यांच्या कैदेवर निभावले. चोरालाही शिक्षा झाली.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर 'काढला होता' असे होते. आदल्याच वर्षी कल्याणला असताना जुगाराच्या अड्ड्यावरून पळणाऱ्या एकावर मी पिस्तूल झाडले होते. नेम चुकला आणि एका गवळ्याच्या दुधाच्या कासंडीला भोक पडले. सारा बाजार पोट धरून हसला. रिपोर्टात मात्र मी लिहिले होते, 'सदर इसम सुरा घेऊन अंगावर चालून आला.' वरिष्ठांनी शेरा मारला, 'योग्य कारवाई.'

पुढे मीच वरिष्ठ झालो. हाताखालच्यांच्या रिपोर्टात 'अंगावर चालून आला' हे वाक्य दिसले की आधी विचारायचो, जखम कुठे आहे? माझा तो रिपोर्ट दुरुस्त करायचे धाडस मात्र मला निवृत्तीपर्यंत झाले नाही.