दात गेले, क्लॅरिनेट राहिली

बाबांचे वरचे समोरचे दात कन्हानच्या रस्त्यावर गेले. तिकडची एक वरात वाजवून बँडची माणसं पहाटे उघड्या ट्रकमधून नागपूरला परतत होती. म्हशी आडव्या आल्या म्हणून ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि पेंगत असलेले बाबा शेजारच्या मोठ्या ढोलाच्या लोखंडी कडीवर तोंडानं आदळले.

ते घरी आले तेव्हा मी चहा गाळत होते. शर्ट छातीवर लाल झालेला, ओठ सुजून वर आलेला, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली क्लॅरिनेटची पेटी. माय ओरडलीच. बाबांनी आधी पेटी उघडून आत पाहिलं, मग फटीतून हवा सोडत म्हणाले, "हिले काही नाही झालं, वं."

"अन् तुमाले?" माय म्हणाली.

बाबांनी खिशातून रुमाल काढला. त्यात दात होते. मायनं ते पाहिले, रडायला सुरुवात केली आणि रडता रडता तिला हसू फुटलं, कारण बाबा 'स' म्हणायला गेले की शिट्टी वाजत होती. आमच्या घरात वाईट गोष्टींचं हे असंच व्हायचं. पूर्ण रडून होण्याआधी कुणीतरी हसायचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बाबा शहरातल्या एका मोठ्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा गावकीची सगळी कामं टाकून दिली होती, त्यात पाटलाच्या दारी डफडं वाजवणंही होतं. म्हणून बाबा बँडमध्ये गेले तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "ते हुकमाचं होतं. हे माह्या मर्जीचं हाय." क्लॅरिनेट त्यांची स्वतःची होती, जुनी घेतलेली. लाल कोट, सोनेरी बटणं आणि तुऱ्याची टोपी मात्र बँडची.

आठवडाभरात मालक घरी आले. केळी घेऊन आले होते. खाटेवर बसून त्यांनी बाबांचं तोंड उघडायला लावलं, बैलाचे दात बघावेत तसं आत बघितलं आणि मान हलवली. क्लॅरिनेटची तोंडात घ्यायची चोच वरच्या दातांखाली धरावी लागते. दात नाहीत तर चोच हलते, चोच हलली की सूर फाटतो. हे सांगायला मालक कशाला हवे होते? आम्हाला ते ठाऊक होतंच.

"सीझन सुरू हाय," मालक म्हणाले. "मी दुसरा मानूस पाहून ठेवला. तुमी आता आराम करा. अगदीच यायचं असंन तर बत्ती धरा. कोट तेवढा द्या."

बत्ती म्हणजे वरातीच्या दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचं. ते काम हलकं नव्हे, पण बाबा त्या बँडमध्ये सगळ्यांच्या पुढं चालणारे होते.

मायनं कोट काढला. तो परवाच धुतलेला होता. तिनं घडी घातली, टोपी वर ठेवली आणि मालकांच्या हातात दिली. "केळं घेऊन जा," ती म्हणाली. "यायले चावता येत नाही." केळं चावावं लागत नाही हे मालकांना कळायला दारापर्यंत जावं लागलं. ते गेले. केळीही गेली.

दातांच्या दवाखान्यात सांगितलं, हिरड्या भरून यायला महिने लागतील, मगच कवळी बसेल. तोवर लगीनसराई संपून पावसाळा आला असता. बाबा तिथून निघाले ते सरळ घरी आले आणि त्यांनी पेटी उघडली.

त्या दिवसापासून आमच्या घराचे हाल सुरू झाले. बाबांनी आधी मेणबत्तीचं मेण वितळवून हिरडीवर बसवलं. ते एप्रिलमधल्या उकाड्यात तोंडातच पाघळलं. मग कणकेचा गोळा लावला, तो वाजवता वाजवता गिळला गेला. मग सुपारीच्या लाकडाचा तुकडा तासून घेतला, त्यानं हिरडी सोलून निघाली. दाराला ओलं पोतं टांगलेलं, आत मी परीक्षेचा अभ्यास करते आहे, आणि अंगणातल्या निंबाखाली बाबा असा आवाज काढताहेत की गल्लीतली कुत्री उठून पलीकडे जाऊन बसायची.

शेजारची काकू कुंपणावरून मायला म्हणाली, "काहून वं, बदक पाळलं का तुमी?"

"हो," माय म्हणाली. "अंडं देल्लं का तुले पहिले देतो."

मला मात्र राग यायचा. मालकांचा, ट्रकवाल्याचा, त्या म्हशींचासुद्धा. मी एकदा बाबांना म्हटलं, "सोडून द्या ना आता. काहून जीव घालवून राहिले?"

बाबांनी चोच तोंडातून काढली. ओठाला रक्त होतं. "दात गेले बेटा," ते म्हणाले. "फुंक नाही गेली." आणि पुन्हा वाजवायला लागले.

उपाय शेवटी सायकलच्या दुकानात मिळाला. पंक्चर काढणाऱ्याकडून बाबांनी ट्यूबचा तुकडा मागून आणला, तो दुमडून हिरडीच्या फटीत बसेल असा कापला आणि चपला शिवणाऱ्याकडून कडेनं टाके घालून घेतले. रबर मऊही होतं आणि चोच घट्ट धरणारंही. चव घाण होती, म्हणून माय ते लवंगेच्या पाण्यात उकळून द्यायची. पहिल्यांदा त्यावर सूर लागला तेव्हा आम्ही दोघी हातातली कामं टाकून अंगणात आलो. सूर खालचा होता, थोडा घोगरा, पण फाटला नव्हता. वरचे सूर मात्र लागेनात. बाबांनी चार-पाच दिवस झगडून पाहिलं, आणि मग वरचे सूर सोडूनच दिले. सिनेमाची सगळी गाणी त्यांनी खालच्या पट्टीत बसवून घेतली.

ते वाजवून दाखवायला ते मालकांच्या दुकानावर गेले. परत आले तेव्हा मायनं विचारलं, काय म्हणाले?

"म्हने, वरातीत लोकायले नाचवाचं असते, रडवाचं नसते."

"मंग?"

"मंग काय? मी आपलाच बँड काढतो."

मी हसले. बाबा हसत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ते सायकल काढून शहरभर हिंडले आणि त्यांनी माणसं जमवली. सगळी अशी, जी कुठल्या ना कुठल्या बँडनं घरी बसवलेली होती. एक ढोलवाले काका होते, ज्यांचे गुडघे गेले होते. हात अजून पहिलवानाचे, पण वरातीबरोबर दहा पावलं चालणं कठीण. एक ट्रम्पेटवाले होते, त्यांना दम लागायचा. एक ओळ वाजवली की दुसऱ्या ओळीला थांबावं लागे. तिसरे ताशेवाले. त्यांना एका कानानं ऐकूच येत नव्हतं आणि दुसऱ्यानं थोडंथोडं. ही माणसं आमच्या अंगणात पहिल्यांदा जमली तेव्हा एकमेकांकडे बघून इतकी हसली की ट्रम्पेटवाल्यांना खोकल्याची उबळ आली.

"का गा," ढोलवाले काका बाबांना म्हणाले, "आपन बँड काढून राहिलो का दवाखाना?"

पण एकेक अडचण त्यांनी सोडवली. ढोलवाल्यांच्या भाच्याचा भाजीचा ठेला होता. त्या ठेल्यावर मोडकं स्टूल दोरीनं बांधलं, त्यावर काका आणि पुढ्यात ढोल. ट्रम्पेट थांबेल तिथं क्लॅरिनेटनं ओळ उचलायची असं ठरलं, आणि ते इतकं छान जमलं की जणू दोघं एकमेकांशी बोलताहेत. प्रश्न राहिला ताशेवाल्यांचा. त्यांना ठेका ऐकू येत नव्हता, दिसावा लागत होता. मायनं घरातला खुळखुळा उचलला आणि त्यांच्या समोर उभी राहून हात जोरात वरखाली करायला लागली. त्यांची नजर तिच्या हातावर आणि काड्या ताशावर. ठेका एकदम बसला.

कपड्यांसाठी माय मंडप-सामानवाल्याकडे गेली आणि फाटलेली, टाकून द्यायची एक कनात मागून घेऊन आली. लाल, पिवळ्या, हिरव्या उभ्या पट्ट्यांची. दुपारभर मशीन चालवून तिनं सगळ्यांना बिनबाह्यांची जाकिटं शिवली. ती घालून चौघं उभे राहिले तर चालता-बोलता मांडवच उभा राहिल्यासारखं वाटत होतं.

एवढं झालं, पण आम्हाला बोलवणार कोण? ते बुद्धपौर्णिमेला ठरलं. त्या दिवशी आमच्या लोकांत लग्नं पुष्कळ, आणि मोठ्या बँडनं एकाच वेळेची दोन लग्नं घेऊन ठेवली होती. आमच्या पलीकडच्या गल्लीत एका मुलीचं लग्न होतं. दुपार कलली, वरात वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबली, पण बँडचा पत्ता नाही. मुलीचे वडील घामाघूम होऊन आमच्या दारात आले.

"तुमी वाजवता का?" ते बाबांना म्हणाले. "जसं येते तसं वाजवा. पोरीची वरात मुकी नको."

बाबांनी ट्यूबचा तुकडा तोंडात बसवला. जाकिटं चढली. ठेला निघाला. तेवढ्यात ताशेवाले अडून उभे राहिले. "वहिनी कुठं हाये? वहिनी नसन तर मले ठेका दिसत नाही."

बँडमध्ये बाईमाणूस वाजवतं हे तोवर आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. मायनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी आपलं जाकीट काढून तिच्या अंगावर घातलं आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर चालायला लागले. मी दाराला कडी घातली आणि मागं धावले.

वरातीपाशी पोचलो तर नवरदेवाचे काका पुढं आले. ठेल्यावर बसलेला ढोल, धापा टाकणारे ट्रम्पेटवाले, पट्ट्यांच्या जाकिटातली माय, सगळं त्यांनी डोळे फाडून पाहिलं. "हे काय होय? बाई वाजवते? अन् हे म्हातारे?"

"ऐकून तर घ्या," बाबा म्हणाले. "नाही आवडलं तर इथूनच वापस जातो."

आणि काकांनी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी सुरू केलं. तो खालचा, घोगरा सूर रणरणत्या गल्लीत असा पसरला की लोक आधी वळून पाहायला लागले. मग ढोल पडला. मायचा हात वर गेला, ताशा सुटला. पहिल्यांदा नाचायला आल्या त्या मुलीकडच्या बाया, मायला बघून. मग पोरं. गल्लीत डांबर वितळलं होतं आणि ठेल्याचं चाक त्यात रुतलं. वऱ्हाडी मंडळींनी नाचता नाचताच ठेला ढकलला. ढोलवाले काका वरून ओरडत होते, "लावा जोर! नवरी वाट पाहून राहिली!"

निम्मी गल्ली पार झाली आणि समोरून मोठा बँड आला. दुसरं लग्न उरकून, लाल कोटात, मालक पुढं. गल्ली अरुंद, दोन्ही बँड समोरासमोर. मालकांनी हात वर केला. "थांबवा. हे लगीन आमचं हाय."

बाबांनी वाजवणं थांबवलं नाही. ते एकेक पाऊल टाकत मालकांच्या अगदी पुढ्यात गेले, ओळ पूर्ण केली, मगच चोच काढली.

"वाजवा ना," ते म्हणाले. "कोन नाही म्हनते? मांगं लागा."

मुलीच्या वडिलांनी घड्याळाकडे आणि मालकांकडे एकदा पाहिलं. "मांगूनच या," ते म्हणाले. "वेळेवर आले ते समोर."

मालकांचा चेहरा कोटाच्या रंगाचा झाला. पण लाल कोटवाली माणसं बाबांचे जुने सोबती. त्यांनी मालकांची वाट न बघता बाजूला होऊन ठेल्याला रस्ता दिला आणि मागं रांग धरली. बाबांच्या खालच्या पट्टीत त्यांना आपापले सूर उतरवून घ्यावे लागले. अख्खी वरात त्या घोगऱ्या सुरावर मांडवापर्यंत नाचत गेली. नवरदेवाचे ते काका सगळ्यात जास्त नाचले.

त्यानंतर लोक 'ठेल्यावाला बँड' विचारत आमच्या गल्लीत यायला लागले. हुडकेश्वर तेव्हा शहराबाहेरचं गाव होतं, तिथपर्यंत आम्ही ठेला ढकलत गेलेलो आहोत. दिवाळीच्या आधी बाबांची कवळी आली. ती ते जेवायला आणि लग्नपत्रिका घेऊन येणाऱ्यांशी बोलायला लावत. वाजवताना काढून ठेवत, कारण आता कवळीवर त्यांचा सूर लागेना. मालक एकदा येऊन गेले, लाल कोट घेऊन. मायनं त्यांना चहा पाजला आणि कोट परत पाठवला.

बाई वाजवते म्हणून काही ठिकाणी आम्हाला नकोही म्हटलं गेलं. एका लग्नात तर मायला घरीच ठेवून या असा निरोप आला. बाबांनी निरोप्यालाच विचारलं, "ताशेवाल्याले ठेका तुमी दाखवता का?" आणि ते लग्न सोडून दिलं. त्या दिवशी सगळी मंडळी अंगणात जमली, आमच्यासाठीच वाजवून घेतलं आणि मायनं सगळ्यांना सावजी रस्सा खाऊ घातला. इतका तिखट, की ट्रम्पेटवाल्यांचा दमा बरा झाला असं ते स्वतःच म्हणाले.

पुढच्या वर्षी बँडचा फोटो काढायचं ठरलं. सगळे स्टुडिओत गेलो. फोटोवाल्यानं माणसं लावली, ढोल मधे ठेवला, मग मायला म्हणाला, "ताई, तुमी बाजूला व्हा, बँडचा फोटो काढायचा हाय."

माय हलली नाही. तिनं जाकिटाची कडा खाली ओढून सारखी केली, खुळखुळा छातीशी धरला आणि सरळ भिंगात पाहिलं.

"काढ," ती म्हणाली.