विनीताची अमेरिकन व्हॅन

विनीता साठ्येने ती अमेरिकन व्हॅन घेतली तेव्हा कॅनबराच्या गुंगालिन भागातल्या ओळखीच्या एकाही मराठी घराने तिला बरं म्हटलं नाही.

"अगं, अमेरिकेबाहेर कोणी घेतं का त्या गाड्या?" तिच्या मैत्रिणीने, मंजिरीने, जेवता जेवता विचारलं. "पेट्रोल किती पितात! आतलं प्लास्टिक वर्षभरात कुरकुरायला लागतं. आणि विकायला काढलीस तर कोणी फिरकायचं नाही."

घरी विवेकचं, म्हणजे विनीताच्या नवऱ्याचंही हेच मत होतं. तो सरकारी खात्यात होता आणि दहा ठिकाणचे रिव्ह्यू वाचल्याशिवाय टोस्टरही घेत नसे. त्याने एक जपानी व्हॅन हेरून ठेवली होती.

गाडी हवी होती ती नुपूरसाठी. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारा आजार होता. लहानपणी ती चालायची. पुढे मोठी, जड इलेक्ट्रिक खुर्ची आली. त्यांनी पाहिलेल्या बाकी सगळ्या व्हॅनमध्ये ही खुर्ची मागच्या दाराने चढवून मागेच बांधायची सोय होती. "लाइक लगेज," नुपूर म्हणाली होती. अमेरिकन व्हॅन मात्र ऐसपैस. ऑस्ट्रेलियातल्याच कूपर्स प्लेन्सच्या एका वर्कशॉपने तिची फरशी खाली घेतली, बाजूच्या दाराला रॅम्प लावला आणि पुढची डावी सीट काढून टाकली. खुर्ची थेट तिथे जाऊन बसायची. पहिल्याच फेरीत नुपूरने आईची गाणी बंद करून स्वतःची लावली आणि वर म्हणाली, "मम, यू आर टू क्लोज टू दॅट ट्रक." विनीताला इतकं हसू आलं की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.

काही वर्षं छान गेली. विनीता हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. शिफ्ट संपली की नुपूरला शाळेतून घ्यायची आणि दोघी उगाच लांबच्या रस्त्याने घरी यायच्या. मग त्या कंपनीने ऑस्ट्रेलियातला कारभार गुंडाळला. डीलरच्या शोरूमवर दुसऱ्याच कंपनीची पाटी लागली. सर्व्हिसिंगसाठी जवळच्या क्वीनबियन गावातला गोरान नावाचा मेकॅनिक तेवढा उरला.

व्हॅनमध्ये बारीकसारीक चमत्कार सुरू झाले. कोरड्या उन्हात वायपर फिरायचे. एकदा पार्किंगमध्ये हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना.

"बॉनेटखाली सगळीकडे करंट वाटणारा एक बॉक्स असतो," गोरान म्हणाला. "या गाडीचा तो जरा कच्चाच. अमेरिकेतही लोक त्याच्या नावाने ओरडतात. फक्त तिथे नवा लगेच मिळतो. इथे मी कुठून आणू?" त्याने तो साफसूफ करून परत बसवला. "शुड बी राइट."

जानेवारीत सिडनीच्या हॉस्पिटलमधली अपॉइंटमेंट आटोपून मायलेकी कॅनबराला परतत होत्या. विवेकला ऑफिसात मीटिंग होती म्हणून तो आला नव्हता. लेक जॉर्जच्या काठाने जाणाऱ्या हायवेवर व्हॅनचे सगळे दिवे एकदम लागले आणि एकदम विझले. इंजिन बंद. एसी बंद. विनीताने कशीबशी गाडी कडेला घेतली.

बाहेर उन्हाचा कहर होता. आटलेल्या तळ्यावरून भट्टीसारखा वारा येत होता. रॅम्प हलेना. खुर्ची फरशीला विजेवर चालणाऱ्या कुलपाने धरून ठेवली होती. ते हाताने सोडवायची कळ होती, पण खुर्चीच्या खाली, आणि तिथवर विनीताचा हात जाईना. तिने पुढची दोन्ही दारं उघडली. दाराच्या चौकटीतून नुपूरला एकटीने उचलणं शक्यच नव्हतं. मुलीच्या पाठीच्या कण्यात ऑपरेशनने बसवलेल्या सळ्या होत्या. आणि श्वासाला मदत करणारं तिचं मशीन गाडीच्या करंटवर चालत होतं. आता ते स्वतःच्या बॅटरीवर गेलं होतं आणि बॅटरीची पट्टी बघता बघता उतरत होती.

विनीताने ट्रिपल झीरो, इमर्जन्सीचा नंबर, फिरवला. "येतोय," पलीकडची बाई म्हणाली, "पण गोल्बर्नजवळ आग लागली आहे, गाड्या तिकडे आहेत. थोडा वेळ लागेल."

तिने ओढणी पाण्यात भिजवून नुपूरच्या डोक्यावर धरली. पाणी संपलं. नुपूरचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडायला लागला.

"आई," मास्कआडून ती म्हणाली. एरवी ती मराठी क्वचितच बोलायची. "आई, मला खूप गरम होतंय."

विनीता रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात हलवत किंचाळायला लागली. दोन गाड्या तिला वळसा घालून निघून गेल्या. तिसरी थांबली. एका मेंढपाळ नवरा-बायकोची ती धुळीने भरलेली, मागे उघडा हौदा असलेली यूट होती. पाठोपाठ एक ट्रकवालाही थांबला.

"मानेला धरा. नाही, तसं नाही! पाठ वाकवू नका!" विनीता ओरडत होती. चौघांनी मिळून नुपूरला खुर्चीतून उचललं, यूटच्या केबिनमध्ये त्या बाईच्या मांडीवर आडवं केलं आणि एसी सोडला. मशीन यूटच्या सॉकेटला जोडलं.

मेंढपाळाने बंद पडलेल्या व्हॅनकडे पाहिलं. "अमेरिकन, हं?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, तरी विनीताला वाटलं, कोणीतरी थोबाडीत मारली.

नुपूर वाचली. उन्हाचा तडाखा आणि त्यावर छातीत झालेलं इन्फेक्शन, यामुळे ती बरेच दिवस आयसीयूत होती. कॉरिडॉरमध्ये विवेक म्हणाला, "मी सांगत होतो." एवढंच. नंतर त्याला ते शब्द परत घ्यावेसे वाटले. तसं त्याने बोलूनही दाखवलं. पण तोवर ते बोलून झाले होते.

घरी आल्यावर नुपूरने एकच विचारलं, "व्हेन इज द व्हॅन कमिंग बॅक?"

करंटचा तो बॉक्सच गेला होता; विनीताने नव्याचा शोध सुरू केला. ॲडलेडपासून पर्थपर्यंत मोडीत निघालेल्या गाड्यांची सगळी आवारं तिने फोन करून पालथी घातली. कंपनीचा ऑस्ट्रेलियातला नंबर लागायचा आणि एक ध्वनिमुद्रित आवाज तिचे आभार मानायचा. शेवटी ओहायोतल्या एका माणसाने नवा बॉक्स पाठवला. गोरानने तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि मान हलवली. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा होता. इथल्या वायरिंगला बसेना.

"पण सरळ सांग ना," विवेक त्याच्यावर उखडला. "या गाड्या भंगारच असतात, खरं की नाही?"

"बॉक्स भंगार आहे, हे खरं," गोरान म्हणाला. "पण इंजिन बघ, अजून ठणठणीत. आणि खुर्चीची ती कळ कुठे घातली? ते काम इथल्याच पोरांचं. मेट, गाडी अमेरिकेतून इथे येते आणि तिच्या मागे उभं राहणारे तिकडेच राहतात. नाव खराब होणार नाही तर काय?"

"माझी मुलगी आत अडकली होती," विनीता म्हणाली. "नेमका दोष कोणाकोणाचा ते वाटून मी काय करू?"

गोरानने ओहायोचा बॉक्स परत खोक्यात घातला.

थंडी आली. शहरापर्यंत ट्राम होती, पण स्टॉपवरच्या बोचऱ्या वाऱ्यात नुपूरचे हात आखडायचे आणि खुर्चीची दांडी वळवता यायची नाही. व्हीलचेअर टॅक्सी कधी उशिरा यायची, कधी यायचीच नाही. युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला दोघी कोट घालून दारात थांबल्या आणि शेवटी कोट काढून आत आल्या. नुपूरने बाहेर जायचं नाव टाकलं. खोलीचे पडदे दिवसाही बंद. विनीता लॅबमध्ये स्लाइडवर वाकलेली असताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. शेजारचे तिकडे बघत नसल्यासारखं करायचे.

वसंतात तिने हार मानली. व्हॅन भंगारात गेली आणि विवेकने हेरली होती तीच जपानी व्हॅन दारात आली. गाडी गुणी. हाक मारली की सुरू होते, पार्ट हवा तर दुसऱ्या दिवशी मिळतो. नुपूरची खुर्ची मागे बांधली जाते. विनीता आरशात बघून बोलते, मागून "व्हॉट?" येतं, ती पुन्हा मोठ्याने बोलते. हळूहळू दोघींनी गाडीत बोलणं सोडून दिलं.

परवा कोणाकडून तरी नंबर मिळवून मेलबर्नहून निहारिका नावाच्या एका अनोळखी मुलीचा फोन आला. तिच्या मुलालाही खुर्ची लागते. तसलीच अमेरिकन व्हॅन कोणीतरी विकतंय, घेऊ का?

विनीताने तळ्याकाठचा तो दिवस सांगितला, काही न गाळता. आणि पुढे म्हणाली, "पण त्याआधीची वर्षंही सांगते. ऐक."

ती वर्षं सांगताना तिचा आवाज फुटला. पलीकडून निहारिकाही रडत होती.

"मग काय करू, ताई?"

"घेऊ नकोस," विनीता म्हणाली.

फोन ठेवून ती तिथेच स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसली. आतल्या खोलीत नुपूरच्या मशीनचा एकसुरी आवाज चालू होता.