भावजींचं ग्राफिक्स कार्ड

पेडणे, डिचोली आणि म्हापसा या तिन्ही बाजारांतल्या दुकानदारांना एका ठिकाणी जमवून विचारलं, की बाबांनो, जन्मात भेटलेलं सगळ्यात कठीण गिऱ्हाईक कोणतं, तर ते एकमुखाने माझ्या भावजींकडे बोट दाखवतील. आणि बोट दाखवताना निम्मे हसतील, कारण इतका छळ करूनही ज्याच्यावर राग धरता येत नाही असं गिऱ्हाईक धंद्यात क्वचितच भेटतं. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर पेडण्याचं, नोकरी मात्र सगळी डिचोलीकडच्या एका खाणीवर, सर्व्हेअर म्हणून. तीस वर्षं दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे वाचून त्यांची अशी ठाम समजूत झाली, की जगातल्या प्रत्येक वस्तूला एक खरी उंची असते आणि दुकानदार सांगतो ती नेहमी थोडी जास्त असते. त्यामुळे छत्री घ्यायची तर ती आधी भिजवून बघायची. म्हापशातल्या एका दुकानदाराने वैतागून खरोखरच माळ्यावरून त्यांच्या उघड्या छत्रीवर तांब्याभर पाणी ओतलं. भावजींनी आतून हात फिरवला, तो कोरडा लागला, आणि ते शांतपणे म्हणाले, "पाण्याचं झालं. आता वाऱ्याचं बघू." चपला घेताना ते नव्या चपला पायांत चढवून आल्तिनोचा अख्खा चढ चढून उतरून आले, तेवढा वेळ दुकानदाराने मला ओलीस म्हणून बाकावर बसवून ठेवलं होतं. फ्रीजच्या वेळी तर ते प्रत्येक फ्रीजच्या पाठीला कान लावून, डोळे मिटून, डॉक्टरसारखे उभे राहत. त्या निवडीत गणपतीची एक चवथ जाऊन दुसरी आली आणि ताईने दोन उन्हाळे माठावर काढले.

स्वभाव असा, की वाद घालतानाही माप सुटायचं नाही. मराठी की कोकणी या चळवळीच्या दिवसांत ते सभेत मराठीतून कडक भाषण करायचे आणि घरी येऊन त्याच भाषणात कुठे अतिशयोक्ती झाली ते ताईला कोकणीतून समजावून सांगायचे. आयुष्यात एकच निर्णय त्यांनी मोजमाप न करता घेतला. आमच्या घरामागच्या डोंगराची मोजणी करायला ते आले, आणि मोजणी संपायच्या आधीच ताईला मागणी घालून मोकळे झाले.

आता तो डोंगर नाही. तिथे पाण्याने भरलेला एक मोठा खड्डा आहे. आमचं घरही पुढे खाणीच्या मातीच्या ढिगाखाली गेलं आणि आई-बाबा म्हापशात माझ्याकडे राहायला आले. खोदण्याआधी त्या डोंगराचा इंच न् इंच मोजणारा माणूस आमचा जावई होता, हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी मोठ्याने उच्चारलं नाही. उच्चारलं जायचं ते दुसरंच. डोंगरावर सातेरी देवीची एक छोटी घुमटी होती. ताईचं म्हणणं, घुमटीच्या पायरीवर उभं राहिलं की न्हंय दिसायची. न्हंय म्हणजे आमची नदी. भावजींचं म्हणणं, शक्यच नाही, मध्ये डोंगराची सोंड येते. हा वाद त्यांच्या संसाराइतकाच जुना. ताई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "मी डोळ्यांनी पळयलां." भावजी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "सोंड आडवी येता." मी त्यात कधी पडलो नाही. डोंगर गेला तेव्हा मी लहान होतो आणि मला नदीही आठवत नव्हती, सोंडही नाही.

निवृत्तीनंतर भावजींनी ट्रंकेतून अकरा वह्या बाहेर काढल्या. मोजणीच्या आकड्यांची एक नक्कल ते स्वतःसाठी करून ठेवत, का ते त्यांचं त्यांना माहीत. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीने आपला जुना कॉम्प्युटर बापाकडे ठेवला होता. तिच्याकडूनच फोनवर धडे घेत, एका बोटाने, भावजी तो डोंगर कॉम्प्युटरमध्ये भरायला बसले. दोन पावसाळे आकडे भरण्यात गेले. डोंगर उभा राहिला, पण कॉम्प्युटरचं वय झालेलं; डोंगर जरा वळवायचा म्हटलं की पडदा काळा व्हायचा आणि चाळीस मिनिटांनी थोडासा कोपरा फिरलेला दिसायचा. मध्येच यंत्र असं घोरायला लागे, की ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अवो, तें जातलें आतां!" लेकीने सांगितलं, बाबा, तुम्हाला ग्राफिक्स कार्ड लागेल. चित्र काढायचं सगळं काम ते करतं. आणि तिने किंमत सांगितली.

त्या किमतीत पेडण्यात एक बऱ्यापैकी जुनी स्कूटर आली असती. ताईने हिशेब अधिक घरगुती केला: "तेवढ्यात रांदचेकुडीचे नळे बदलून जातात." स्वयंपाकघराची कौलं खरंच गळत होती. भावजींनी दोन्ही मुद्दे ऐकून घेतले आणि पुढच्याच शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी नऊला माझ्या दारात उभे. "चल. साक्षीदार व्हया."

कॉम्प्युटरच्या दुकानाची मालकीण तिशीतली, चटपटीत बाई. एवढं वयस्कर गिऱ्हाईक बघून तिने आदराने विचारलं, "अंकल, गेमिंगाक व्हया?"

"डोंगराक," भावजी म्हणाले.

मग वीस मिनिटं डोंगर. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं, हे तिचं मोठेपण. तिने आतून एक दिमाखदार कार्ड आणून ठेवलं. भावजींनी खिशातली पोलादी टेप काढून त्याची लांबी, रुंदी, जाडी घेतली, तळव्यावर तोलून बघितलं आणि विचारलं, "ह्याका तीन पंखे कित्याक गो? माझ्या अख्ख्या घरात दोन आसत."

"खूप तापतं, अंकल."

"तापट आसा तर." वहीत नोंद झाली. "आता माका खरा सांग. ह्यात नेमकं महाग काय?"

बाई क्षणभर घुटमळली आणि हसून म्हणाली, "खरं सांगू? नाव. तुमच्या डोंगराला याच्या खालचं कार्ड पुरेल. दोन पंख्यांचं."

भावजींनी टेप खिशात ठेवली. आम्ही बाहेर पडलो. चवळीच्या आणि मिरच्यांच्या ढिगांमधून वाट काढत बसस्टँडपर्यंत आल्यावर एकदम थांबून म्हणाले, "चाळीस वर्षं बाजार करतां रे. स्वस्तातलं घ्या म्हणून सांगणारं पहिलंच माणूस." मला वाटलं, झालं, ठरलं. पण खालचं कार्डही काही भाजीपाल्याच्या भावाचं नव्हतं, आणि दुकानदार भला निघाला म्हणून वस्तूची लायकी सिद्ध होत नाही, हे त्यांचं तत्त्व.

पुढचे तीन शुक्रवार ते नुसते किंमत विचारायला आले आणि कॅलेंडरच्या पाठीवर तिचा आलेख काढत बसले. लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, सहा महिने थांबा, नवीन कार्डं आली की जुन्यांची किंमत उतरते." मी त्या वेळी पेडण्याला होतो. हा सल्ला भावजींच्या स्वभावाला इतका साजेसा होता, की ते थांबणार अशीच माझी खात्री. त्यांनी फोन ठेवला, वही उघडली आणि मला एक पान दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, की जुन्या यंत्रावर एक पाऊल म्हणजे चाळीस मिनिटं. या गतीने पायथ्यापासून घुमटीपर्यंत जायला, जेवणखाण आणि झोप धरून, पस्तीस दिवस. "हाच डोंगर मी खांद्यावर तिवई घेऊन वीस मिनिटांत चढायचो," ते म्हणाले. मग पेन्सिलीचं टोक बघत पुढे म्हणाले, "सहा महिन्यांत किंमत उतरेल, कबूल. पण मीही उतरतोय, बाबू. तुझ्या ताईचे गुडघे बघतोस ना? आमचा दोघांचा भाव कोण धरणार?"

ताई दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. ती आत गेली आणि गळक्या कौलाखाली ठेवायची बादली जरा जास्तच आवाज करून हलवली. पण संध्याकाळी मी निघताना मला हळूच म्हणाली, "नळ्यांक मे म्हयनो आसा. ताका घेऊं दी."

तरीही परीक्षा टळली नाही. पुढच्या शुक्रवारी भावजी अख्खा कॉम्प्युटर चादरीत बांधून पेडण्याहून बसने म्हापशाला घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, एवढी जागा अडवणाऱ्या प्रवाशाचं तिकीट पडेल. भावजींनी विचारलं, पूर्ण की अर्धं? वाद म्हापसा येईपर्यंत चालला आणि शेवटी अर्ध्यावर मिटला. दुकानात मालकिणीने स्वतः खोक्याचं झाकण काढलं. कार्ड आत मावेना. मावणार नाही हे भावजींना टेपवरून आधीच ठाऊक होतं. कुठली पट्टी सोडवायची त्याची आकृती ते काढून घेऊन आले होते. पट्टी निघाली, कार्ड बसलं, यंत्र सुरू झालं. भावजींनी एका बोटाने डोंगर ढकलला.

डोंगर फिरला. सहज, परातीत भाकरी फिरावी तसा. पायथा, उतार, मधली घळ, पुन्हा उतार. भावजींचा हात तसाच वर राहिला. मालकीण पुढे वाकून म्हणाली, "अंकल, सुंदर आहे हो. वरून काय दिसतं?"

"तें घरा," भावजींनी घाईघाईने यंत्र बंद केलं. "ती आसतना. एका पार्टीच्या गैरहजेरीत निकाल लावूक जाता काय?"

आणि त्यांनी पैसे मोजून दिले. घासाघीस न करता. मालकिणीने सोबत माऊसखाली ठेवायची एक चटई फुकट दिली, तीही मोजून न बघता पिशवीत टाकली.

रविवारी सकाळी मी मुद्दाम पेडण्याला गेलो. ताई हात पुसत येऊन खुर्चीवर बसली, वादी बसावा तशी. भावजींनी पडद्यावर आम्हाला घुमटीच्या पायरीवर आणून उभं केलं. झाडं नव्हती, घुमटीच्या जागी एक करडा चौकोन होता, पण तो उतार बघून ताईचा हात आपोआप माझ्या मनगटावर आला.

"डोळ्याची उंची किती धरणार?" मी विचारलं.

"माका म्हायत आसा," भावजी म्हणाले आणि त्यांनी न विचारता ताईची लग्नाच्या वेळची उंची घातली. मग सावकाश उत्तरेकडे वळवलं; त्या बाजूला खाणीची हद्द आणि मोजणी थेट नदीपर्यंत गेलेली. सोंड आली. आडवी, रुंद, अगदी त्यांनी तीस वर्षं सांगितली तशी. भावजींनी आणखी जरासं वळवलं. सोंडेच्या उजव्या खांद्यावरून, बोटभर जाडीची, निळी पट्टी दिसायला लागली.

भावजी खुर्चीत पुढे सरकले. चष्मा पुसला. सातव्या वहीतले आकडे काढून पडद्यावरच्या आकड्यांशी तीनदा ताडून पाहिले. मग वहीच्या शेवटच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पायरीवरून नदी दिसते', खाली सही केली आणि साक्षीदार म्हणून माझीही घेतली. "तुझा खरा," ते ताईला म्हणाले. "मी कागदावर सोंड बघितली. मान वळवून कधी बघितलंच नाही."

"वसूल झालं की मग कार्ड," मी म्हणालो.

ताईचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. जिंकल्याचा आनंदही तिच्या चेहऱ्यावर नव्हता. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "आतां सकल देंवया. पाखाडीवयल्यान. घरा."

भावजी उतरू लागले. घळ गेली, उतार मऊ झाला, डोंगराचा पाय आला, आणि तिथे एका सरळ रेषेत सगळं संपलं. पलीकडे नुसतं पांढरं.

"आनी फुडें?"

"पुढची मोजणी नाही," भावजी म्हणाले. "घर खाणीच्या हद्दीबाहेर होतं."

"इकरा वह्यांनी आमचें घर एक फावट लेगीत ना?"

खाली मान घालून ते म्हणाले, "एकदाही नाही. तुमच्याकडे येताना मोजणीचं यंत्र मी बाहेर आंब्याखाली ठेवून यायचो."

कार्डाचे दोन्ही पंखे फिरत होते, तेवढाच आवाज. मग भावजींनी टेबलाच्या खणातून एक कोरी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर बाजारातला तो हट्टी भाव परत आला होता.

"बाबू, अंगणातून ओसरीवर चढायला पायऱ्या किती होत्या?"

"पाच," मी म्हणालो.

"चार," ताई म्हणाली.

"तुमी दोगां ठरवा," भावजी म्हणाले. "मी थांबतां."

मी आठवायला लागलो. अंगण आठवलं, तुळस आठवली, दाराची कडी आठवली; मधल्या पायऱ्या काही केल्या येईनात. ताईने डोळे मिटले. खुर्चीत बसल्या बसल्याच तिने दुखरा उजवा पाय पायरीवर टाकावा तसा किंचित वर उचलला, आणि म्हणाली, "एक."