अमेरिकन अधेलीचं पुस्तक

अप्पांच्या फुफ्फुसांत पुन्हा पाणी झालं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळलं. अप्पांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: अमेरिकन अधेलीचा निकाल.

अप्पा, माझे वडील, सोलापुरात जन्मभर सराफीच्या छोट्या दुकानात बसले. होटगीकडच्या एका म्हातारीने मोडीत घातलेल्या चांदीत त्यांना हे नाणं सापडलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीचा अर्धा डॉलर, त्यावर मोकळ्या केसांची बाई आणि कडेने चांदण्या. बाकीची मोड आटणीला गेली, एवढं त्यांनी वाचवलं. आई त्या बाईला सवत म्हणायची. पेठेतले सराफ मात्र हे जत्रेतलं खोटं नाणं म्हणून हसायचे. अप्पाही हसत, पण आतून जळत.

इंटरनेटवर फोटो टाकला तर प्रत्येक जण वेगळंच सांगे. पुस्तकच हवं होतं. सोलापुरातल्या दुकानांत स्पर्धा परीक्षांच्या गाइडांचे ढीग. पुण्यातल्या नाणेवाल्यांकडे शिवराईवर होतं, मोगलांवर होतं. अमेरिकेचं नाव काढलं की त्यांना फोन ठेवायची घाई. शेवटी एकाने परदेशातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाचा पत्ता दिला, वर ऐकवलंही, की बाई, आधी पुस्तक घ्यायचं असतं, मग नाणं. मला असा राग आला! इथे माणूस मरणाच्या दारात, आणि याला शहाणपण शिकवायचंय. मग तिथून मागवलेलं पुस्तक कस्टममध्ये अडकून पडलं. अप्पा रोज सकाळी विचारत आणि मी रोज उद्यावर ढकलत असे.

आलं ते कोपरे दबून. मी नाणं त्यांच्याच काट्यावर तोललं. वजन जुळलं, कडेवरची अक्षरं जुळली, एका चांदणीचं मोडकं टोकसुद्धा जुळलं. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"खरं हाय की," ते म्हणाले.

मग भिंग डोळ्याला लावून त्यांनी विचारलं, की पुस्तकातली बाई काळपट आहे, आपली एवढी पांढरी कशी.

चांदी काळी पडू द्यायची नाही, हा सराफाचा धर्म. दर लक्ष्मीपूजनाला अप्पा रिठ्याच्या पाण्यात, पितळी तारांच्या ब्रशने ती अधेली उजळायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. आणि पुस्तकात लिहिलं होतं, की तो काळेपणा म्हणजे नाण्याची कातडी. एकदा घासली की परत येत नाही, आणि अशा नाण्याला जाणकार हात लावत नाहीत. इंग्रजीतून मराठीत सांगताना एखादं वाक्य गाळता आलं असतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि ग्राहकाचं तोंड वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी सगळं सांगितलं.

"साकु," ते म्हणाले. बस झालं म्हणायचं असलं, की आमच्या घरात कन्नडच तोंडात येते. मी पुस्तक मिटलं. ते पुस्तक मिळालंच नसतं तर फार बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी नाणं माझ्या हातात दिलं आणि मोडीत टाकायला सांगितलं. मी म्हटलं, अप्पा, खरं निघालंय ते.

"खरं हाय म्हणूनच. खोटं असतं तर ठिवलं असतं."

मी हो म्हटलं. मोडीत टाकलं नाही, पण त्यांच्यासमोर पुन्हा आणलंही नाही. त्यांनी विचारलं नाही. आठवड्याभरात ते गेले.