ढेप, सुतळी बॉम्ब आणि समोरचं घर

"डोकं दाबा, डोकं! पायाला कुणी हात लावू नका!" मी ओरडत होते आणि लोक पायालाच हात लावत होते.

हरण्या ग्रामपंचायतीसमोरच्या उघड्या नालीत आडवा पडला होता. शिंगांना बेगड, अंगावर झूल, गळ्यात घुंगरांचा पट्टा, आणि पुढचा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला. पोळ्याचं तोरण तुटलं की बैल घराकडे निघतात. त्याला आमच्याकडे पोळा फुटणं म्हणतात. हल्ली त्याच वेळी फटाके लावायची टूम निघाली आहे. कुणीतरी बैलांच्या मागे सुतळी बॉम्ब लावला, बैल बिथरले, वाट फुटेल तिकडे सुटले. बॉम्ब लावणारे पसार झाले होते. बैलाला कुठे पसार होता येतं?

हरण्याची मालकीण कोकिळाबाई नालीच्या काठावर बसून होती. नवरा गेल्यापासून शेत ती एकटीच पाहते. ती रडत नव्हती, चिडली होती.

"काल याच्या खांद्याले लोणी-हळद लावली मॅडम. 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' म्हणलं. पाहुणा म्हणून बलावलं न त्याले? अन् आज त्याच्या मागं बॉम्ब?"

मी गुंगीचं इंजेक्शन दिलं. जनावर जागं राहतं, पण धडपडत नाही. कातडी फाटली नव्हती, म्हणजे क्लोज्ड फ्रॅक्चर. मोडलं होतं ते गुडघ्याखालचं नळीचं हाड. हे त्यातल्या त्यात नशीब. वरचं हाड मोडलं असतं तर एवढ्या मोठ्या जनावराला तिथे प्लास्टर बसत नाही, मी हात टेकले असते. बांबूच्या कांबी लावल्या, कापूस गुंडाळला, प्लास्टर चढवलं. चार माणसांनी अंगाखाली दोर घालून, आधार देत त्याला तीन पायांवर घरी चालवत नेलं. मी हात धुतले आणि पुरणपोळी खायला शांतारामभाऊंकडे गेले, कारण मी रोजच तिथे जेवत असे.

आता हे घर कुठलं ते सांगते, कारण गोष्ट त्याच घराची आहे. मी पशुधन विकास अधिकारी. साध्या भाषेत, सरकारी दवाखान्यातली जनावरांची डॉक्टर. गावात मला 'ढोरायची डाक्टरीण' म्हणतात आणि मला ते आवडतं. गाव रोहिणखेडच्या अलीकडे, मोताळा तालुक्यात. माझं माहेर अमरावतीकडचं, आईवडील गेले, लग्न केलं नाही. का केलं नाही, ते विचारणाऱ्यांना मी त्यांच्या म्हशीची तब्येत विचारते. मी राहते दवाखान्याला लागूनच असलेल्या खोलीत, आणि समोर, रस्त्यापलीकडे, शांतारामभाऊंचं दुकान आणि मागे घर. किराणा, जनावरांसाठी सरकीची ढेप, म्हणजे पेंड, आणि सणासुदीला फटाके. बदली होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांची बायको विमलवहिनी म्हणाली होती, "ताई, एका पोळीनं आमचा आटा सरत नाई. येत जा." तेव्हापासून संध्याकाळी माझं ताट तिथे. मूलबाळ त्यांनाही नव्हतं. भाऊ मला ताई म्हणायचे, भाऊबीजेला मी त्यांना ओवाळायची. या गावात दवाखाना बंद झाल्यावर माझ्याशी औषध सोडून दुसरं काही बोलणारी हीच दोन माणसं होती.

आणि तो सुतळी बॉम्ब भाऊंच्या दुकानातला होता. दिवाळीचा उरलेला माल ते पोळ्याला काढत. पुरणपोळी वाढता वाढता वहिनीने विचारलं, "लय लागलं का हो हरण्याले?" भाऊ खाली मान घालून जेवत होते. पाय मोडल्याचं मी सांगितलं, बॉम्बाचं नाही. त्या ताटावर बसून काय बोलणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संकलन केंद्रावर लसीकरणाचं सांगायला गेले, तर तिथे बायकांचा घोळका. गावातल्या म्हशी बायकाच सांभाळतात, दूधही त्याच घालतात. कोकिळाबाईने मला धरलं.

"मॅडम, खरं सांगा. बॉम्ब फुटला का म्हैस दूध चोरते का नाई?"

"चोरते म्हणजे, पान्हा सोडत नाही. भ्याली की तिच्या अंगात पान्हा सोडणारं जे हार्मोन असतं ते काम करेनासं होतं. दूध कासेत असतं, पण उतरत नाही."

"अन् गाभण असली त?"

"लई भ्याली, पळाली, पडली, तर गाभडूही शकते, गर्भ पडतो."

बस, एवढंच. मला विचारलं, मी सांगितलं. यात मी कुठे काय पेटवलं? पण कोकिळाबाईने दुधाची कासंडी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "जो बॉम्ब इकते, त्याची ढेप माह्या म्हशीले नाई." एकीने 'हाव' म्हणत मान डोलावली, मग दुसरीने. आमच्याकडे दुभत्या जनावराला सरकीची ढेप लागतेच, भाऊंचा अर्धा धंदा त्या ढेपेवर. बायकांनी ठरवलं की मोताळ्याहून छोटा हत्ती टेम्पो करून सगळ्यांची ढेप एकदमच आणायची. मी मनात म्हटलं, वा रे बायांनो!

पुढचा घोळ मात्र खास आमच्या गावचा. हे भाऊंना कुणी सांगायचं? कुणीच नाही! कोणाची ती सोयरीक, कोणाची उधारी, कोणाच्या लग्नात भाऊ रात्रभर राबलेले. तोंडावर बोलायची भीड. मग बायका दुकानावरून जाताना नुसत्या सांगत, "घरी हाय न ढेप अजून." "म्हैस खात नाई सध्या." "पुढच्या बजाराले पाहू." भाऊ मान डोलवत. अहो, ज्याला धडा शिकवायचा, त्याला धडा कसला ते तरी सांगा!

"मॅडम, तुमीच सांगा न," कोकिळाबाई म्हणाली. "तुमी तिथं जेवता. तुमचं आयकतीन ते."

"मी जेवते म्हणूनच सांगणार नाही. तुमचं भांडण, तुम्ही सांगा."

"आमाले नाई जमत बाई."

मीही अडून बसले. पण एका संध्याकाळी भाऊच रस्ता ओलांडून दवाखान्यात आले. हातात ढेपेचा तुकडा. टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, हुंगला.

"ताई, पाहा बरं. बुरशी हाय का याले? का वास येते? मले त काईच कळून नाई राह्यलं. ढेपेचे भरले कट्टे तसेच पडले दुकानात. मी कंपनी बदलून पाह्यली, भाव कमी करून पाह्यला. लोकं येतच नाईत."

मी तुकडा मोडून पाहिला. बुरशीची ढेप जनावराला विषासारखी असते, म्हणून आम्ही आतून रंग बघतो, वास घेतो. ढेप उत्तम होती, पिवळसर, कोरडी. समोर हा माणूस डोळ्यांत प्राण आणून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी तुकडा त्यांच्या हातात परत दिला.

"ढेपेत काही नाही, भाऊ. तुम्ही बॉम्ब विकता म्हणून बायकांनी ढेप बंद केली आहे."

ते खुर्चीवर बसले. तुकडा हातात फिरवला.

"मी फोडतो का बॉम्ब? मी इकतो. मी नाई इकले त बुलढाण्याहून आणतीन पोट्टे."

"आणू देत. पण हा तुमच्याकडचा होता."

"मले एकीनंही सांगू नये?"

"त्यांना भीड पडली."

"अन् तुमाले नाई पडली," भाऊ म्हणाले आणि उठले.

त्या दिवशी जेवायला गेले तेव्हा वहिनीने ताट वाढलं, पण समोर येऊन बसली ती पदर खोचून.

"ताई, एक काम करा. तुमी डाक्टर. तुमी नुसतं म्हणा का पाय नालीनं मोडला. मोडलाच न नालीत पडून? बॉम्बाचं नाव कायले घ्यायचं? तुमचा शबूद लोकं मानतात. उद्या सगळ्या ढेपीले येतीन."

खोटं म्हणावं तर अर्धं खरं होतं. नाली उघडी होती, ती पंचायतीने झाकायला हवी होती. भाऊ भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण कान माझ्याकडेच. मला काय हवं होतं? हे घर हवं होतं. ताटात वांग्याची भाजी होती, माझ्यासाठी मुद्दाम तिखट कमी केलेली. क्षणभर वाटलं, म्हणून टाकावं. काय बिघडतं?

"नाही म्हणता येणार, वहिनी. नालीत तो आपणहून गेला नाही. बॉम्बामुळे पळाला म्हणून पडला. मला जो विचारील त्याला मी हेच सांगणार."

"आमच्यासाठी एवढंही नाई?"

"दुसरं काहीही सांगा."

"दुसरं काय सांगू तुमाले," वहिनी म्हणाली आणि आत गेली. मी जेवण संपवलं. पानात टाकणं बरं दिसलं नसतं.

पुढे भाऊंनी काय केलं? दिवाळीच्या आधी दुकानावर पुठ्ठ्याची पाटी लावली: 'आवाजाचे फटाके मिळणार नाहीत.' फुलझड्या, अनार, चक्री, बस. उरलेले बॉम्ब त्यांनी पाण्याच्या टाक्यात बुडवले, मी माझ्या खिडकीतून पाहिलं. पाटी लागली त्याच संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक कोकिळाबाई. "एक कट्टा दे बरं भाऊ ढेप." जसं काही मधे घडलंच नव्हतं! ना कुणी कारण सांगितलं, ना कुणी माफी मागितली. हसणं-खिदळणं सुरू. गावाने भाऊंना आणि भाऊंनी गावाला माफ करून टाकलं.

माफी नव्हती ती मला. तेही तोंडावर कुणी सांगितलं नाही. वहिनी म्हणायची, "आज लवकर आटोपलं हो." मग, "आज उपास हाय आमचा." मग, "पाहुणे येऊन राह्यले." उपास कुठल्या वाराचे, पाहुणे कुठल्या गावचे, मी काही विचारलं नाही. मी जायचं बंद केलं. दिवाळी बिनआवाजाची गेली, कधी नव्हे ती. गावातल्या म्हशींनी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही पान्हा सोडला, केंद्रावर बायका मला कौतुकाने सांगत होत्या. भाऊबीजेला मी निरांजन लावलं, तबक तयार केलं, आणि दार उघडं ठेवून बसले. रस्ता ओलांडायला किती लागतं? कुणी आलं नाही. मग मीच तबकातला लाडू खाल्ला. रडले, खोटं कशाला बोलू. डॉक्टर झालं म्हणून माणसाला भाऊ नको असतो का?

हरण्याचं हाड जुळलं. किंचित वाकडं, पण जुळलं. आता चालतो, हलकं वखरही ओढतो. आमच्या हिशेबात ही केस यशस्वी.

हिवाळ्यात एक दिवस भाऊंची म्हैस व्याली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बसली ती उठेना. गोठा दुकानाच्या बाजूलाच, दवाखान्याच्या ओट्यावरून मला सगळं दिसत होतं. मान वळवून कुशीवर टाकलेली. भाऊ फोनवर कुणाला तरी विनवत होते, "लवकर या साहेब, मोताळ्याहून काय लागते?" समोर दवाखाना, समोर मी, आणि हे मोताळ्याचा डॉक्टर बोलवत होते!

ती मान बघून मला निदान कळलं होतं. मिल्क फीवर. नावात फीवर असलं तरी ताप नसतो, उलट अंग थंड पडतं. व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम दुधात उतरतं आणि जनावर ढेपाळतं. वेळेत शिरेतून कॅल्शियम दिलं तर उठून उभं राहतं, नाही दिलं तर मरतं. मी बाटली उचलली, रस्ता ओलांडला आणि गोठ्यात शिरले.

"मॅडम, डाक्टर येऊन राह्यले..." भाऊ म्हणाले.

"येऊ द्या. तोवर ही बाटली उंच धरा."

त्यांनी धरली. कान हाताला गार लागत होते. मानेची शीर सापडली, सुई आत गेली. हे औषध हळूहळू सोडावं लागतं, घाई केली तर हृदय बंद पडतं. म्हणून मी एका कानाने ठोके ऐकत, गुडघ्यावर बसून. भाऊ बाटली धरून माझ्या शेजारी उभे. वहिनी दारात. बाटली संपेपर्यंत आम्ही तिघं एका जागी होतो, आणि खरं सांगते, ती आणखी मोठी असती तर मला चाललं असतं.

म्हैस थरथरली. ढेकर दिला, शेण टाकलं. आमच्या धंद्यात यासारखी चांगली खूण नाही. मग पुढचे पाय रोवून उठली आणि रेडकाला चाटायला लागली. भाऊंचा चेहरा उजळला. वहिनीने दारातून एक पाऊल पुढे टाकलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि भाऊंकडे पाहून पाऊल मागे घेतलं.

भाऊंनी खिशात हात घातला.

"किती झाले, मॅडम?"

इतक्या वर्षांत मला त्या घरात कुणी हे विचारलं नव्हतं. मी सरकारी फी सांगितली. त्यांनी दिली, मी घेतली, पावती फाडून दिली आणि रस्ता ओलांडून आले.

बदलीचा अर्ज करता येतो, मी केलेला नाही. सुतळी बॉम्ब गावात परत आला नाही आणि तो पुन्हा विकायला निघाला, तर मी पुन्हा तेच सांगेन. धडा विचाराल तर एवढाच: गावाचा निरोप पोचवणाऱ्या माणसाला स्वतःपुरता स्वयंपाक यायला हवा. मला आता बरा येतो.