बेदाण्याच्या शेडमधली साक्ष

हमीदाचाची कुठल्याही कागदावर ऐकल्याशिवाय सही करत नसे. वाचल्याशिवाय असं म्हणत नाही, कारण मराठी अक्षरं तिला जुळवता येत नव्हती. लहानपणी थोडंफार उर्दू शिकली होती आणि मराठीत फक्त स्वतःचं नाव काढायला. कागद पुढं केला की ती बेदाण्यानं चिकट झालेले हात पदराला पुसायची, कागद उलटसुलट करून बघायची आणि माझ्या हातात परत देऊन म्हणायची, "वाच."

मी तेव्हा मिरजेच्या पूर्वेला असलेल्या एका बेदाणा शेडमध्ये नवीनच लागलो होतो. मूळचा मी कराडजवळच्या मलकापूरचा. बी.कॉम. झालेलो, वय सव्वीस. द्राक्षबागांतून सुकून आलेला माल आमच्याकडं धुवायचा, त्याच्या काड्या काढायच्या आणि हिरवा, पिवळा, काळा असा निवडून पेट्या भरायच्या, असं काम. निवडायला चाळीसेक बायका सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दिवसभर उभ्या असत. त्यांची हजेरी लावायची आणि महिन्याला पगार वाटायचा, ही माझी नोकरी.

पहिल्याच पगाराला चाची रांगेत सगळ्यांत पुढं होती. पन्नाशी ओलांडलेली, किडकिडीत, उजव्या हाताच्या बोटांना पट्ट्यावरच्या घाईनं कायमचा बाक आलेला. मी पावती पुढं सरकवली आणि कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं.

"वाच," ती म्हणाली.

"चाची, नेहमीचीच पावती आहे."

"तुजी नेहमीची आसंल. माजी आजची हाय. छापल्यालं बी वाच."

मी वाचायला लागलो. 'सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनाच्या दराप्रमाणे पूर्ण रक्कम मिळाली' या ओळीपाशी माझा आवाज आपोआप बारीक झाला. कारण पाकिटातले पैसे त्याहून बरेच कमी होते आणि ते पाकीट मीच भरलं होतं. मागं उभ्या असलेल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. चाचीनं शांतपणे मान हलवली, सही केली आणि पाकीट कनवटीला लावून निघून गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी न राहवून विचारलं, "चाची, खोटं आहे हे कळतं, तर मग सही कशाला करता?"

भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत ती म्हणाली, "चूल हाय रं घरात. पर ऐकून सही करती, न ऐकता न्हाई. येवढा फरक तरी ऱ्हाऊ दे की."

मालकांना सगळे अण्णा म्हणत. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. स्वतः बागायतदाराचा मुलगा. बँकेचं कर्ज काढून आणि सरकारच्या अनुदानाच्या भरवशावर शेड उभं केलेलं. अनुदानाचा शेवटचा हप्ता दोन वर्षं अडकून पडला होता आणि अण्णा त्यासाठी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत होते. कामावरच्या माणसांच्या अडीअडचणीला ते धावून जात. चाचीचा नवरा, बाबूचाचा, हमाली करताना पोत्यांखाली सापडला तेव्हा अण्णांनी स्वतःच्या गाडीत घालून त्याला मिरजेच्या दवाखान्यात नेलं होतं. ऑपरेशन होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले होते. चाचा वाचला, पण पुन्हा ओझं उचलण्याजोगा राहिला नाही. चाची दर ईदला शिरखुर्म्याचा डबा आधी अण्णांच्या घरी पोहोचवायची आणि मग स्वतःच्या भावाकडं.

असं सगळं चाललेलं असताना एक पत्र आलं. विधिमंडळाची एक समिती जिल्ह्यात येणार होती. ज्या उद्योगांना सरकारी मदत मिळते, तिथं कामगारांना कायद्याप्रमाणे मजुरी आणि सोयी मिळतात का, ते आमदार स्वतः बघणार होते. त्यांच्या यादीत आमचं शेड होतं.

आठ दिवसांत शेडचं रूप पालटलं. भिंतींना चुना लागला. बायकांसाठी म्हणून जे संडास होते आणि ज्यात रिकामी खोकी भरलेली असत, त्यातली खोकी निघाली. पट्ट्याशेजारी उंच स्टुलं आली. बायका त्यांवर बसून हसत होत्या. बसून काम करायची सवयच नव्हती.

अण्णांनी मला बोलावलं. "किरण, चार बायका निवड. नीट बोलणाऱ्या. काय बोलायचं ते पाठ करून घे." मग म्हणाले, "हमीदाला पुढं घाल. ती आपली माणूस हाय."

अण्णांनी सांगितलेली उत्तरं मी कागदावर उतरवून घेतली आणि चाचीला गाठलं. तिनं ती सगळी वाचायला लावली. 'मजुरी पूर्ण मिळते. मालक आम्हाला घरच्यासारखं वागवतात. काही तक्रार नाही.' ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "ही उत्तरं कुनाची?"

"मालकांची."

"मंग मालकांनीच द्यावीत की. त्यास्नी बी तोंड हाय."

"चाची, अण्णांनी तुमच्यासाठी काय केलंय ते तुम्ही विसरलात का?"

हे मी बोलायला नको होतं. चाचीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, पण मला खाली बघावं लागलं.

"न्हाई इसरली," ती म्हणाली. "रोज दुवा करती त्यांच्यासाठनं. पर उपकार येगळा आन् मजुरी येगळी, पोरा. उपकार जलमभर मानीन. मजुरी मातुर म्हैन्याच्या म्हैन्याला पायजे."

मी अण्णांना यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिला त्या दिवशी रजेवर पाठवलं असतं. मी गप्प का राहिलो, भीतीनं की आणखी कशानं, ते मला नीट सांगता येणार नाही.

समिती आली ती दुपारी. सातआठ आमदार, त्यांच्यामागं जिल्ह्यातले अधिकारी, लघुलेखक, फायली. शेडमध्येच टेबलं मांडली होती, पट्टा बंद ठेवला होता. अध्यक्ष वयस्कर होते, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचे. त्यांची मराठी आमच्या बायकांना थोडी वेगळी वाटत होती. पहिल्या दोघींनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. अण्णांचा चेहरा सैल झाला. मग अध्यक्षांनी चाचीला विचारलं, "बाई, तुम्हाला किमान वेतन मिळते काय?"

चाची उठून उभी राहिली.

"सायब, मी बोलती. पर आदी मालकास्नी आन् ह्या सगळ्या हापिसरांस्नी भाईर पाठवा. न्हाईतर ह्या बाया बोलायच्या न्हाईत."

कुणीतरी अधिकारी पुढं वाकून अध्यक्षांच्या कानाशी लागले. अध्यक्षांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि म्हणाले, "बरोबर बोलल्या त्या. समितीशिवाय सगळ्यांनी बाहेर व्हावं." मी जागेवरच घुटमळत होतो. चाचीनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यो बी."

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी मी आणि अण्णा उभे होतो. ऊन चांगलंच होतं, पण सावलीत जायचं भान दोघांनाही नव्हतं. आतून आधी एकच आवाज येत होता, मग दोन, मग बऱ्याच बायका एकदम बोलायला लागल्या. अण्णा खिशातून रुमाल काढत, तोंड पुसत, पुन्हा ठेवत. "मी तिच्या नवऱ्याला उचलून न्हेला हुता रं," ते एवढंच म्हणाले.

तासाभरानं आम्हाला आत बोलावलं. मला वाटलं होतं, चाची आता मान खाली घालून बसलेली असेल. पण तिला आणखी बोलायचं होतं. बोलावून घ्यायला तिनंच सांगितलं होतं.

"मगाशी जे बोलली ते आता ह्यांच्या म्होरं बी बोलती," ती अध्यक्षांना म्हणाली. "पाठीमागं बोलली तर ती चुगली हुती." मग अण्णांकडं वळली. "अण्णा, तुमी आमाला पावतीवर ल्हेल्याली मजुरी देत न्हाई. ह्ये संडास परवा उघडल्यात. ही स्टुलं काल आल्यात. खोटं आसंल तर सांगा."

अण्णांनी रुमाल पुन्हा बाहेर काढला.

"आन् सायब, आनखी येक ल्ह्या." ती लघुलेखकाकडं बघत म्हणाली. "ह्यांचं अनुदान दोन वर्सं आडाकलंय. ते बी खरं हाय, मी बघितल्यात ह्यांचे हेलपाटे. सरकारनं ह्यास्नी दिलं न्हाई, म्हनून ह्यांनी आमाला दिलं न्हाई. मंग आमी कुनाला न्हाई द्याचं? आमच्या खाली कोन न्हाई, सायब."

लघुलेखकाची पेन्सिल थांबलेली मी बघितली. मग ती घाईघाईनं चालू लागली.

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "पगार आपण वाटता? या बाई म्हणतात ते खरे आहे काय?"

चाळीस बायका माझ्याकडं बघत होत्या आणि अण्णाही. "कागदपत्रं बघून सांगावं लागेल, साहेब," मी म्हणालो. अध्यक्षांनी मला समितीकडं लेखी उत्तर पाठवायला आठ दिवस दिले. त्यांच्या ओठांवर जरासं हसू आलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चाचीसमोर जायची हिंमत होत नव्हती. तीच माझ्या टेबलाशी आली, चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "पी. तुजी बी चूल हाय. मला ठावं हाय." तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी कदाचित तसाच राहिलो असतो. तिनं समजून घेतलं, ते मात्र सहन होईना. त्या आठवड्यात मी खरं काय ते सगळं लिहिलं, माझी सही केली आणि मिरजेच्या पोस्टातून रजिस्टरनं पाठवून दिलं. मग अण्णांच्या हातात त्याची प्रत आणि माझा राजीनामा ठेवला. त्यांनी दोन्ही वाचलं आणि मला फक्त "जा" म्हणाले.

मी मलकापूरला परतलो. काही महिने घरी बसून काढले, मग एका पतसंस्थेत चिकटलो. शेडच्या बातम्या चाचीच्या फोनवरून कळत. समितीनं अहवालात दोन्ही बाजूंना बजावलं होतं: मालकानं मजुरीतला फरक द्यावा, आणि खात्यानं अडलेला हप्ता सोडावा. दोन्ही व्हायला वर्ष उलटलं, पण झालं. पूर्ण मजुरी सुरू झाली. संडास उघडे राहिले. चाचीला कामावरून काढायची अण्णांची छाती झाली नाही, किंवा तसं त्यांच्या मनातच नसेल. मात्र ते तिच्याशी बोलायचे थांबले. रोज सकाळी ती "सलाम, अण्णा" म्हणायची आणि अण्णा दुसरीकडं बघत पुढं जायचे. ईदचा डबा त्यांच्या घरून न उघडता परत आला.

"लय लागलं बघ मनाला," ती फोनवर म्हणाली होती. त्या सगळ्या प्रकरणात तिच्या तोंडून ऐकलेली तक्रार म्हणाल तर ही एवढीच.

"पस्तावा होतो का, चाची?"

"पस्तावा कशाचा? मी खरं बोलली त्येचा न्हाई. त्यांचं मन मोडलं त्येचं वाईट वाटतंय. दोनी वाटतंय, आन् दोनी खरं हाय."

पुढं तिला धाप लागायला लागली. बेदाण्याला रंग यावा म्हणून शेडमध्ये देतात त्या गंधकाच्या धुरीत इतकी वर्षं काढलेली. एकदा मी तिला दवाखान्यात भेटून आलो तेव्हा नाकाला नळी होती, तरी शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सांगत होती, की डिस्चार्जच्या कागदावर काय लिहिलंय ते डॉक्टरला वाचायला लाव, लाजू नगं. त्यानंतर दोनच महिन्यांत, पहाटेच्या नमाजाच्या वेळी ती गेली. तिच्या भावाचा फोन आला आणि मी मिळेल त्या एस.टी.नं निघालो.

जनाजा निघाला तेव्हा शेडमधल्या बायका गल्लीच्या तोंडाशी एका ओळीत उभ्या होत्या. कबरस्तानात बायका जात नाहीत, म्हणून तिथवरच. मी खांदा द्यायला पुढं झालो आणि पलीकडच्या बाजूला अण्णा दिसले. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल. खूप थकलेले. कबरस्तानापर्यंत त्यांनी कुणाला खांदा बदलू दिला नाही. माती देऊन झाल्यावर ते बाबूचाचाजवळ जाऊन बसले.

परतताना त्यांनी मला गाडीत बसवलं. रस्त्याकडं बघतच म्हणाले, "चारचौघांत नागडा केला तिनं मला. लय राग हुता, किरण. पर रोज रात्री इचार करायचो, येक तरी शबुद खोटा बोलली का? न्हाई सापडला." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "रागाला कारान मिळालं न्हाई म्हनूनच राग जाईना बघ."

गाडी शेडपाशी येऊन थांबली. त्या दिवशी शेडला सुट्टी होती. नवीन हजेरीलेखक कुलूप लावून दारात थांबला होता. त्यानं विचारलं, "अण्णा, आजची बायकांची हजेरी कशी मांडू?"

"सगळ्या हजर," अण्णा म्हणाले. "पूर्ण दिवस."

तो वहीत लिहू लागला आणि एका नावापाशी थांबून त्यानं वर बघितलं.

"तिची बी लाव," अण्णा म्हणाले, आणि गाडीतून न उतरताच त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.