आजारांचा रकाना

आमच्या घरात फॉर्म भरायचा म्हटलं की तो माझ्यापुढे येतो. मी वीस वर्षं विम्याची एजंट आहे. रेशनकार्ड असो, शाळेचा दाखला असो, शेजारणीच्या गॅसची तक्रार असो, सगळं माझ्या टेबलावर येऊन पडतं आणि मी कुरकुरत भरून देते. तमिळ लिहिण्यात माझा हात जलद आहे. बोलण्यातही मी कुणाला ऐकत नाही. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मला तोंडाळ म्हणतात, आणि त्याचं मला वाईट वाटत नसे.

विम्याच्या फॉर्मात एक रकाना असतो: पूर्वी काही आजार होता का. तिथे काय लिहायचं हे गिऱ्हाईकही जाणतं आणि एजंटही. साखर असली तरी 'इल्लै', छातीत कळ येऊन गेली असली तरी 'इल्लै'. नाही. हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला आहे की तो रकाना आला की हात आपोआप पुढे सरकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी नव्या एजंटांना हसत सांगायची.

धाकट्या भावाची बायको दुसऱ्या बाळंतपणाला एका लहान सरकारी इस्पितळात होती. मुलगा झाला. थोरली मुलगी चार वर्षांची. दोन पुरेत, मूल न होण्याचं ऑपरेशन इथेच उरकून घरी जाऊ, असं ठरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स कागद घेऊन आली. भावजयीच्या हाताला सलाईन होतं, म्हणून कागद मी घेतला. नर्स एकेक प्रश्न विचारत होती, मी लिहीत होते. आई खाटेच्या पायथ्याशी बाळाला घेऊन उभी होती.

"कोणती सुई, कोणतं औषध कधी अंगावर उठलंय का?" नर्सनं विचारलं.

भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी गच्चीवर तांदळाचे वडाम वाळत घालताना तिनं मला एकटीला सांगितलं होतं. दहावीत असताना तापावर सुई दिली, तेव्हा तिचं तोंड सुजलं, श्वास कोंडला, दोन दिवस ती इस्पितळात होती. तिच्या आईनं बजावलं होतं की सासरी हे कळता कामा नये. आम्ही तमिळ मुलखातली मराठी माणसं, आमच्यात मुली द्यायची घरं मोजकी. मुलीच्या अंगात काहीतरी आहे, एवढं बोलणं तिरुवैयारूपासून कुंभकोणपर्यंत पोचायला एक लग्नाची पंगत पुरते. आणि तिच्या पाठची बहीण तेव्हा लग्नाची होती. "आईंना कधी सांगूं नका, अक्का," ती म्हणाली होती. मी शब्द दिला होता.

त्या सकाळी आई समोरच उभी होती. मागाहून नर्सला बाजूला घेऊन सांगू, असं मी मनाशी म्हटलं आणि 'इल्लै' लिहिलं. मग बाळ रडायला लागलं. आईला कॉफी हवी होती म्हणून मी खाली गेले. वर आले तर खाट रिकामी होती. तिला आत नेऊन ऑपरेशनच्या आधी द्यायची सुई दिली होती आणि पंधरा मिनिटांत ती गेली होती. सुई देण्याआधी कातडीखाली थेंबभर औषध टोचून पाहायचं असतं, ते त्यांनी केलं नव्हतं. अंगावर उठल्यावर द्यायचं औषध कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली नाश्त्याला गेलेल्या माणसाच्या खिशात होती. हे सगळं खरं आहे. मी लिहिलेला शब्दही खरा आहे, म्हणजे मी तो लिहिला हे खरं आहे.

भाऊ कापडदुकानात पगारावर आहे. तेरावा झाला आणि त्याच्या पगारात दुधाच्या पावडरीचे डबे बसेनात. अशा ऑपरेशनच्या पायी बाई गेली तर सरकार घरच्यांना पैसे देतं, मुलांच्या नावानं बँकेत ठेवता येतात, हे त्याला दुकानाच्या मालकानं सांगितलं. त्यानं अर्ज आणला आणि अर्थातच माझ्यापुढे ठेवला. मी तो भरला. पैसे मिळाले तर दोन पोरं शाळा शिकतील, न मिळाले तर माझ्या अक्षरामुळे मिळणार नाहीत, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं. कचेरीतल्या कारकुनानं भावाला सांगितलं होतं की चौकशी होईल आणि घरच्यांनी काही लपवलं होतं का, हे विचारतील.

महिन्याभरानं इस्पितळातल्या कागदांच्या झेरॉक्स प्रती आल्या. भाऊ त्या घेऊन माझ्या खोलीत आला. एका कागदावर बोट ठेवून म्हणाला, "अक्का, हें तुझंच अक्षर की."

"माझंच."

"अस्के बरोबर लिवलेंस नव्हे?"

"सगळं बरोबर," मी म्हटलं. तो कागद घडी करून निघून गेला. त्यानं संशय घेतला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर दाराची कडी वाजली की मी दुसऱ्या कुणाला तरी उघडायला पाठवायची. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. पुतणी माझ्या मांडीवर येऊन बसली की मी काहीतरी काम काढून उठायची. गिऱ्हाइकांचे फॉर्म तर मी त्यांच्याच हातात पेन देऊन भरून घ्यायला लागले.

एका दुपारी ती नर्स आली. आई आतल्या खोलीत बाळाला झोपवत होती. नर्सनं पाणी घेतलं नाही. तमिळमध्ये हळू आवाजात म्हणाली, "माझी नोकरी जाईल. मी प्रश्न विचारला तेव्हा ती तुमच्याकडे बघत होती. मी पाहिलं ते. चौकशीत सांगावं लागेल मला." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती चप्पल घालून गेली तरी मी उंबऱ्यातच उभी होते.

चौकशीला आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. भाऊ, आई, मी, आणि भावजयीची आई. ती तिरुवैयारूपलीकडच्या खेड्यातून दोन बसगाड्या बदलून आली होती. लेकीच्या तेराव्यानंतर मी तिला पहिल्यांदा पाहत होते. बाई निम्मी झाली होती. मी हे सगळं जाणते हे तिला ठाऊक नव्हतं. लेकीनं आपला शब्द पाळला, अशीच तिची समजूत होती.

टेबलामागे एक डॉक्टर अधिकारी होत्या. त्यांनी किल्लीचं विचारलं, थेंबभर औषध टोचून पाहिलं का ते विचारलं आणि उत्तरं लिहून घेतली. मग माझ्या अक्षरातला कागद पुढे ओढला. "हे कुणी भरलं?"

मी हात वर केला. नर्स उठून उभी राहिली. "मॅडम, मी हा प्रश्न विचारला तेव्हा त्या बाईनं..."

"मॅडम," मागून आवाज आला. भावजयीची आई उठली होती. "तिला लहानपणी असं झालं होतं. आम्ही लपवलं. या घरात कुणालाही ठाऊक नाही, यांची काही चूक नाही. मी पोरीला शपथ घातली होती. माझ्यासाठी त्या पोरांचे पैसे अडवू नका."

नर्स माझ्याकडे पाहत राहिली, मग खाली बसली. तेवढ्या वेळात मी तीनदा बोलू शकले असते.

अधिकारीबाईंनी चष्मा काढला. "अडवायचा प्रश्नच नाही, अम्मा," त्या म्हणाल्या. "तपासून पाहायचं काम आमचं होतं, ते झालं नाही. त्यांनी सांगितलं असतं, नसतं, पैसे मिळणारच होते. रकाना आहे म्हणून विचारलं."

म्हणजे मी खरं बोलले असते तरी पोरांचं काही जाणार नव्हतं. जाणार होतं ते फक्त माझं घरातलं नाव. हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, कारण आई भावजयीच्या आईकडे वळून, सगळ्यांसमोर, आमच्या मराठीत म्हणाली, "तूंच मारलीस लेकीला. माझ्या दाराशीं आतां येऊं नको. पोरांनाही पाहूं नको." भावानं मान खाली घातली आणि आईच्या बाजूला जाऊन उभा राहिला. ती बाई एकटीच बसस्टँडकडे चालत गेली. ऊन टळटळीत होतं. तिला कुणी पाणी विचारलं नाही, मीही नाही.

पैसे आले. मुलांच्या नावानं बँकेत आहेत. भाऊ म्हणतो, अक्का होती म्हणून झालं.

भावजयीची आई मला शुक्रवारी फोन करते. या घरातली मी एकटीच तिचा फोन घेते. पोरगा बसतो का, पोरगी आजीचं नाव काढते का, असलं विचारते. परवा म्हणाली, "एक विचारूं कां? तें सुईचं तिनं तुमच्याकडं तरी कधीं बोललेली कां?"

आई पलीकडे तांदूळ निवडत होती. "नाही," मी म्हटलं.

"वाटलंच मला. तुम्हांला सांगितली असती तर तुम्हीं वाचवली असतां तिला. तुम्हीं बोलणाऱ्या." मग तिनं विचारलं की पोरीच्या पावाड्याला, म्हणजे परकराला, किती कापड लागेल, आणि मी तिला माप सांगितलं.